आधी उत्तर, मग खोडरबर

जिथं भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी असते, तिथंच सगळ्यात जास्त किस्से घडतात, असा माझा अनुभव आहे. नागपूरच्या सीताबर्डीतल्या आमच्या वाचनालयात ही पाटी खोलीगणिक होती. त्यामुळे किस्से इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच खुर्ची ओढून बसतो. परवा एक मित्र म्हणाला, "पद्या, लिहून काढ बाबा. तू सांगायला लागला की बाजूच्या टेबलवरचे लोक चहा अर्धा टाकून उठतात."

म्हणून लिहितो. वाचता वाचता कोणी उठून गेलं तरी मला दिसणार नाही!

सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं. आम्ही चौघं होतो. मी पद्माकर, एम.ए. करत होतो. देश लवकर बदलावा, शक्यतो त्याच वर्षी, असं मला वाटे. देवराव कुहीकडच्या एका गावचा, घरी धानाची शेती, माझ्याच वर्गात. गोपाल गांधीबागेतल्या एका कापडदुकानाचा वारस. बोलायचा हिंदी, वाचायचा मराठी. आणि कुंदा मेश्राम, तीही आमच्याच वर्गात. तिचे वडील धम्मदीक्षेनंतर गाव सोडून नागपूरला आले आणि गिरणीत लागले. एका खोलीत सहा माणसं, त्यात अभ्यास. पुस्तक विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. तिचं एम.ए. उभं होतं ते वाचनालयाच्या कार्डावर.

कुंदा आणि देवराव एकाच गावचे. पण त्यांची ओळख झाली नागपुरात, या वाचनालयात. गावात काहून झाली नाही, हे आम्ही तेव्हा विचारलं नाही. पुढं विचारावं लागलं.

आणखी एक सांगून ठेवतो. आम्ही चौघंही पुस्तकं कुंदाच्याच कार्डावर घ्यायचो. पुरुषांच्या कार्डावर एक पुस्तक मिळे, बायकांच्या कार्डावर दोन. हा नियम वाचनालयाचे कार्यवाह अण्णासाहेब यांचा. काळा कोट, काळी टोपी, बोलणं इतकं शुद्ध की ऐकताना आपली कॉलर नीट करावीशी वाटे. कुणीतरी त्यांना विचारलं, "बायकांना दोन कशी?" तर म्हणाले, "एक सुनेसाठी, एक सासूसाठी."

आम्ही चौघं मिळून ती सून आणि सासू होतो!

*

सुरुवात झाली गोपालपासून. एक जाडजूड कादंबरी त्यानं गिऱ्हाइकं सांभाळत दोन दिवसांत उडवली आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत छाती काढून आला.

देवरावनं विचारलं, "काय हाय गा त्यात?"

"बहोत बढिया है!"

"काय बढिया हाय?"

"मतलब... पूरी की पूरी बढिया है."

"हिरोचं नाव काय?"

गोपालनं छताकडे पाहिलं. छतावर नाव लिहिलेलं नव्हतं. देवराव म्हणाला, "अबे, तू वाचत होता का पुस्तकाले हवा घालत होता?"

गोपाल चिडला. पण पोरगा खरा व्यापाऱ्याचा. त्यानंच आम्हाला आमचा पहिला नियम दिला. म्हणाला, आमच्या दुकानात नवा माणूस आला की पिताजी त्याला कापडाचं थान उघडायला सांगत नाहीत. थान तर माकडही उघडेल. ते सांगतात, घडी घाल. ज्याला पसरलेलं कापड पुन्हा घडी घालून हातभर करता येतं, त्यालाच कापड कळलं.

"किताब का भी वही है. जिसने खोली, वही घडी घाले!"

झालं. त्या दिवसापासून मागच्या खोलीत पुस्तक घेऊन आलेल्यानं पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचं आणि हातभर करून सांगायचं, आपल्या शब्दांत. कोणी चाचरत पान उघडू लागला की बाकीचे तिघं ओरडत: "घडी घाल!"

भिंतीवरची पाटी तेव्हापासूनच आमच्यावर नाराज असावी.

*

आपल्याकडे वाचन म्हणजे पारायण. किती वेळा वाचलं ते लोक सांगतील, काय वाचलं ते विचारू नका. आणि कॉलेजात तर तेवढंही नाही. तिथं वाचतो प्राध्यापक, लिहितो वर्ग, आणि समजतं कोणालाच नाही!

आमचे इतिहासाचे सर जुन्या नोट्स घेऊन येत. कागद इतके पिवळे की हळदीकुंकवाला ठेवावेत. खुर्चीवर बसायचे, चष्मा लावायचे आणि सुरू: "लिहा. स्वल्पविराम. पुढे लिहा. पूर्णविराम." एप्रिलचा महिना होता. पंखा फुल स्पीडवर. कागद उडाले. पहिल्या बाकावरच्या मुलांनी गोळा करून दिले आणि सर पुन्हा सुरू झाले.

राजा मेला. वर्गानं लिहिलं. मग राजाचं लग्न झालं. वर्गानं लिहिलं. मग राजाचा जन्म झाला आणि राज्यात आनंदीआनंद पसरला. वर्गानं तेही लिहिलं, खाली रेघ मारून.

कुंदा उभी राहिली. "सर, हा राजा जन्मायच्या आधीच मेला."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी सांगतो ते लिहा. परीक्षेत तेच येतं."

देवराव मागून म्हणाला, "सर, कागद मिटून सांगता का?"

मी मोठ्यानं हसलो. आम्ही तिघंही वर्गाबाहेर! व्हरांड्यात उभ्या उभ्या कुंदानं त्या राजाची घडी घातली. जन्म, लग्न, दुष्काळ, लढाई, मरण. शिपाई शेजारी स्टुलावर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा समजलं गा, हा माणूस मेला काहून ते."

त्या वर्षी परीक्षेत त्याच राजावर प्रश्न आला. ज्यानं आधी मरण आणि मग जन्म लिहिला, त्याला फर्स्ट क्लास मिळाला!

*

दुसरा नियम कुंदाचा. ती म्हणे, "नुसती घडी काय कामाची? पुस्तक जे सांगते ते मुकाट ऐकून घेतलं तर आपण कशाले वाचून राहिलो?" तिच्या कानामागं पेन्सिल असे, सुतारासारखी. वाचताना जिथं पटलं नाही तिथं समासात हलकंच लिहायचं: काहून?

'का' नाही, 'कशामुळे' नाही. काहून? आमच्या बोलीत हा शब्द विचारला की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. 'का' म्हटलं तर माणूस खांदे उडवून निघून जातो.

हळूहळू चौघांनाही सवय लागली. देवराव पटलं तिथं 'बरोबर' लिही आणि बरोबरची खूण करी. त्याला शेतीबद्दलची वाक्यं फार पटत. मी 'काहून?'च्या पुढं तीन-तीन उद्गारचिन्हं टाकी. गोपालचं 'काहून?' हिंदी वळणाचं.

एकदा कुंदा आमच्या घरी आली होती. माझ्या हातातल्या पुस्तकाच्या समासात पेन्सिल चालताना बाबांनी पाहिली. आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात. बाबांचा आवाज चढला, "सरस्वतीच्या अंगावर रेघोट्या मारता? लाज वाटत नाही?"

मी पुस्तक मिटलं. कुंदा शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही देवाले रोज गंध लावता. त्यानं देव खराब होते का?"

बाबांनी पंचा झटकला आणि आत गेले. मला वाटलं, आता हिला घरी बोलावणं बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र उघडलं. अग्रलेखाच्या शेजारी, समासात, बाबांच्या सुबक कारकुनी अक्षरात एकच शब्द होता: 'गाढव!'

बाबांनी गंध लावायला सुरुवात केली होती.

*

गोपालला घडीची सवय इतकी लागली की तो दुकानातही घालू लागला. कापडाची नव्हे, पुस्तकाची. बायका लुगडी बघायला येत, त्या हाताखालचं कापड चाचपत बसलेल्या असताना हा त्यांना कादंबरी सांगे. एकदा अशी तंद्री लागली की नायिका घर सोडून स्टेशनवर उभी, गाडी येताना दिसते आहे, आणि त्याचे पिताजी ओरडले, "गोपाल! कपड़ा बेच, किताब नहीं!"

गोपालनं लुगड्याची घडी घातली. बायका उठल्या. एक जण जाताना म्हणाली, "अवो भाऊ, पण ते गाडीत बसली का नाही?"

"कल बताऊंगा," गोपाल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. सोबत बहिणी, जावा, शेजारणी. नायिका गाडीत बसेपर्यंत वरच्या फळीवरची लुगडी संपली, आणि गाडी वर्ध्याला पोचेपर्यंत खालची!

संध्याकाळी पिताजींनी गोपालला जवळ बोलावलं. पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "बेटा, ये किताब खतम मत करना."

*

आता एक माझ्यावरचा. लिहिणारा आपल्यावरचा किस्सा गाळतो, असं देवरावचं म्हणणं आहे.

व्हेरायटी चौकात आम्ही बसची वाट पाहत होतो. मी समाजपरिवर्तनावरचं एक भारी पुस्तक नुकतंच संपवलं होतं आणि पेटलो होतो. बोलत सुटलो. जुनं सगळं मोडलं पाहिजे! माणूस नवा घडला पाहिजे! शेजारी शेंगदाणे विकणारा आपली टोपली घेऊन दोन पावलं लांब सरकला.

कुंदा ऐकत होती. मध्येच म्हणाली, "घडी घाल."

"म्हणजे... बदल झाला पाहिजे."

"काहून?"

"कारण सध्याची परिस्थिती..."

"कोणाची परिस्थिती? कुठची? तू पाह्यली?"

मी तोंड उघडलं. बस आली. मी आयुष्यात कुठल्याही बसचे इतके आभार मानले नाहीत. पण बसमध्ये कुंदा माझ्या मागच्याच सीटवर बसली आणि गाडी सुटताच तिनं माझ्या खांद्यावर पेन्सिलीनं टकटक केली.

"पद्माकर, उत्तर राह्यलं."

ते पुस्तक मी पुन्हा वाचलं. या वेळी त्याच्याशी भांडत. आजही त्यातला कोणताही भाग मला झोपेतून उठवून विचारा!

*

मग व्हायचं ते झालं. वाचनालयाच्या वार्षिक तपासणीत अण्णासाहेबांनी एक पुस्तक उघडलं. 'काहून?' दुसरं उघडलं. 'काहून?' इतिहास, शेती, थोरांची चरित्रं, एकही कपाट सुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर त्यांच्या वळणदार अक्षरात कागद लागला:

'ग्रंथांच्या समासांत पेन्सिलीने काहून असा अशिष्ट शब्द लिहिणाऱ्या इसमाने स्वतःहून कार्यालयात हजर व्हावे.'

संध्याकाळपर्यंत त्या सूचनेखाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: 'काहून?'

शपथेवर सांगतो, आमच्यापैकी कोणी नव्हतं! आजवर पत्ता लागला नाही. काउंटरवरचे वासुदेवराव तो कागद काढताना इतके गंभीर दिसत होते की मला त्यांचाच संशय आहे.

कुंदा मात्र थेट कार्यालयात गेली. तिच्या मागं आम्ही तिघं. "मी लिहिलं," ती म्हणाली. "आम्ही पण," आम्ही म्हणालो.

अण्णासाहेबांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. "पुस्तके कोणाच्या कार्डावर गेली?"

वासुदेवराव हळूच म्हणाले, "मेश्राम बाईंच्या."

"मग अपराध कार्डाचा." त्यांनी हात पुढं केला. कुंदानं पर्समधून कार्ड काढून दिलं. त्यांनी ते टेबलाच्या खणात टाकलं. "वार्षिक सभेपर्यंत प्रत्येक पुस्तकातील प्रत्येक 'काहून' खोडला गेला पाहिजे. एक जरी राहिला, तरी कार्ड कायमचे रद्द. आणि मुली, लिहायचेच होते तर निदान 'का' लिहायचे!"

बाहेर आल्यावर मी तापलो होतो. कोर्टात जाऊ, पेपरात देऊ, उपोषण करू! कुंदा म्हणाली, "आधी रबर आण."

*

आम्ही चौघं मागच्या खोलीत बसलो. समोर पुस्तकांची चळत, हातात रबर. मी पहिल्या पुस्तकातला पहिला 'काहून?' खोडायला घेतला, तर कुंदानं माझा हात धरला.

"थांब. याचं उत्तर सापडलं का?"

"नाही."

"मग कसं खोडतो? सवाल विचारला आणि जवाब न घेताच पुसला, याले काय म्हणते माहीत हाय? कॉलेज!"

तो आमचा तिसरा नियम. आधी उत्तर, मग खोडरबर.

शिक्षा झाली पुसायची आणि सुरू झाला शास्त्रार्थ. एकेक 'काहून?' घ्यायचा, ते पान पुन्हा वाचायचं, मग भांडायचं. उत्तर त्या पुस्तकात नसलं तर दुसरं काढायचं. त्या दुसऱ्यात आणखी चार 'काहून?' निघत. वाचनकक्षातले पेपर वाचणारे म्हातारे आधी 'शूऽऽ' करत. मग दारात उभे राहून ऐकू लागले. मग आत येऊन बसले. पेन्शनीत निघालेले एक पोस्टमास्तर तर रोज डबा घेऊन येत आणि विचारत, "आज कोणता आहे?"

एकदा अण्णासाहेब दारात आले. आत देवराव टेबलावर हात आपटून सांगत होता की गहू महाग आणि धान स्वस्त का. पोस्टमास्तर त्याच्यावर ओरडत होते. अण्णासाहेब म्हणाले, "हा काय प्रकार आहे?"

कुंदा म्हणाली, "खोडून राहिलो, अण्णासाहेब."

खोटं नव्हतं! एकेक प्रश्न पुसला जात होता. गंमत अशी की कागदावरून जो पुसला, तो डोक्यात पक्का बसला. त्या महिन्यांत जे वाचलं, त्यातलं एक अक्षर मी विसरलेलो नाही. वाचनालयं शांत ठेवणाऱ्यांनो, हे तुम्हाला उद्देशून आहे!

सभेच्या आदल्या दिवशी चळत संपली. एकच पुस्तक राहिलं. जिल्ह्यातल्या गावांच्या रीतीभातींवरचं. त्यात एकच 'काहून?' होता. मी म्हटलं, "दे, मी खोडतो."

कुंदा म्हणाली, "याचं उत्तर नाही सापडलं."

"कुंदा, कार्ड जाईल. एम.ए. जाईल."

"जाऊ दे."

देवरावनं ते पान पाहिलं. रबर टेबलावर ठेवलं आणि सायकल काढून निघून गेला.

*

सभा रविवारी सकाळी, मोठ्या वाचनकक्षात. खुर्च्या भरलेल्या. आमचे दारातले म्हातारे झाडून हजर. देवराव सगळ्यात मागं, खांबाला टेकून. टेबलावर पुस्तकांची चळत आणि तिच्यावर, सगळ्यांना दिसेल असं, कुंदाचं कार्ड.

अण्णासाहेब एकेक पुस्तक उघडून समास पाहत, प्रकाशात धरत, मान डोलवत बाजूला ठेवत होते. शेवटच्या पुस्तकापाशी थांबले. वेगळ्या कारणानं थांबले असते तरी नवल नव्हतं, कारण ते पुस्तक त्यांनीच लिहिलेलं होतं. तरुणपणी सायकलवर जिल्हाभर हिंडून, गावोगाव मुक्काम करून.

"हा राहिला," ते म्हणाले.

"मुद्दाम राह्यला," कुंदा उभी राहून म्हणाली. "जवाब नाही सापडला."

"प्रश्न तरी काय आहे?" आणि त्यांनी स्वतःचं वाक्य मोठ्यानं वाचलं. "'पोळ्याच्या दिवशी गावातील सर्वांच्या बैलजोड्या एकाच तोरणाखाली उभ्या राहतात.' शेजारी कोणीतरी 'बरोबर' अशी खूण केली आहे. त्याखाली तुम्ही लिहिले आहे: 'सर्वांच्या काहून म्हटलं?'" त्यांनी पुस्तक खाली ठेवलं. "म्हटले, कारण मी पाहिले. कार्डावर तुमचे मूळ गाव लिहिले आहे, त्याच गावच्या पोळ्याला मी स्वतः होतो."

"कुठं बसले होते?"

"म्हणजे?"

"पोळा पाह्यला तवा कुठं बसले होते?"

"पाटलांच्या ओट्यावर. खुर्ची दिली होती मला."

"अण्णासाहेब, मी लहान होती, पण मले याद हाय. माह्या बापाची जोडी लिंबाच्या मागं उभी राहे. शिंगाले बेगड लावलेली, पाठीवर झूल. आई म्हणे, हलू नको. तोरणाकडं पाहत आम्ही उभे. ओट्यावरून लिंबाच्या मागचं दिसते का?"

सभेत कुजबुज सुरू झाली. कोणीतरी म्हणालं, "जुन्या गोष्टी कशाला उकरता बाई?" कोणीतरी म्हणालं, "खोडून टाका आणि मोकळे व्हा." अण्णासाहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. "तुमच्या आठवणीवर ग्रंथ बदलत नाहीत. साक्ष काय याला? रबर घ्या आणि खोडा. नाहीतर हे कार्ड मी इथेच फाडतो."

त्यांनी कार्ड उचललं.

"थांबा," मागून आवाज आला. देवराव. खांब सोडून तो खुर्च्यांमधून पुढं येत होता. "जवाब मी देतो."

"तुम्ही कोण?"

"अण्णासाहेब, तो ओटा आमचा."

अण्णासाहेब चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहिले.

देवराव टेबलापाशी आला. "तुम्हाले खुर्ची माह्या आज्यानं दिली. तोरण त्याच्याच हातानं तुटे. आमची जोडी पहिली, मग भाऊबंदांच्या. सगळ्या निघून गेल्या, पोरंसोरं घरी गेले, की आजा लिंबाकडं पाहून हात वर करे. तवा यांची जोडी येत होती. तोरण नसलेल्या खांबांतून. मी दरसाल पाहत होतो. लहानपणी मले वाटे, बैल थकले असतील म्हणून मागं राहतात." त्यानं पुस्तकाकडे बोट केलं. "ती बरोबरची खूण माही हाय. मी ते वाक्य वाचलं, अन् मले ते बरोबर वाटलं."

त्यानं कुंदासमोर हात पसरला. तिनं कानामागची पेन्सिल काढून दिली. देवरावनं पुस्तक ओढलं, आपली खूण काट मारून खोडली, आणि तिच्या प्रश्नाखाली उभ्या उभ्या लिहिलं. मी जवळ होतो, मला दिसलं: 'सर्वांच्या नाही. आमच्या.' खाली पूर्ण नाव, आणि गावाचं नाव.

मग पुस्तक फिरवून त्यानं अण्णासाहेबांपुढं ठेवलं.

कुंदानं पाहिलं. वाचलं. पर्स उघडली आणि आमचं झिजून बोरासारखं झालेलं रबर काढून अलगद त्या पानावर ठेवलं.

"जवाब सापडला, अण्णासाहेब. आता खोडायले हरकत नाही. तुम्हीच खोडा."

अण्णासाहेबांनी रबर उचललं. पानाजवळ नेलं. त्यांचं वाक्य, तिचा प्रश्न, त्याचं उत्तर. किती तरी वेळ ते नुसतं वाचत होते. पहिल्या रांगेतले पोस्टमास्तर मान उंच करून पाहत होते. मग अण्णासाहेबांनी पुस्तक मिटलं. कार्ड टेबलावरून सरकवत कुंदापुढं केलं. रबर कोटाच्या खिशात टाकलं.

"वासुदेवराव," ते म्हणाले, "पुढचा विषय."

गोपालनं मला कोपरानं ढोसलं आणि कुंदाकडे वाकून कुजबुजला, "अरे, वो रबर तो अपना था!"

कुंदा कार्ड पर्समध्ये ठेवत होती.

"राहू दे गा," ती म्हणाली. "त्यांले लागंल."